कोडेपेटीच्या सरकत्या फळ्या वारंवार अडकतात तेव्हा

घरी बनवलेली लाकडी कोडेपेटी, म्हणजे फळ्या ठरावीक क्रमाने सरकवल्यावरच उघडणारी पेटी, सुरुवातीला सुरेख चालते आणि काही महिन्यांनी तिची एखादी फळी जागची हलेनाशी होते. ही तक्रार घेऊन आलेल्या पेट्या मी इतक्या वेळा दुरुस्त केल्या आहेत की, पेटी हातात येण्याआधीच मी एक प्रश्न विचारतो : फळी घासली का? बहुतेकांनी ती घासलेली असते. लाकूड घासणे हा या दुरुस्तीतला जवळजवळ शेवटचा उपाय आहे, पण तो हाताशी असल्यामुळे पहिला वापरला जातो. दमट हवेत फुगलेली फळी घासून सैल केली की कोरड्या हवेत ती खुळखुळू लागते, आणि ज्या पेटीची फळी खुळखुळते तिचे कोडे क्रम न पाळताच उघडते. म्हणून पुढील तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात; पहिल्या काही तपासण्यांत लाकडाचा कणही कमी होत नाही.

लक्षणे

सर्वच फळ्या एकाच सुमारास जड झाल्या असतील आणि हवा कोरडी झाल्यावर आपोआप मोकळ्या होत असतील, तर कारण आर्द्रता हेच आहे. एकच फळी दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर खाचेत काहीतरी आहे किंवा ती फळी वाकली आहे. फळी सुरुवातीला सहज निघते, मग तिरकी होऊन रुतते आणि थोडी मागे घेऊन पुन्हा लोटली की चालते, असे होत असेल तर दोष फळीच्या प्रमाणात किंवा लोटण्याच्या जागेत असतो. पेटी बरेच दिवस पडून राहिल्यावर पहिल्या हालचालीला ‘कट्’ असा आवाज होऊन फळी सुटते आणि नंतर ती ठीक चालते, हे न वाळलेल्या वॉर्निशचे किंवा तेलाचे लक्षण आहे. फळी किंचित हलते पण पुढे जात नाही आणि पेटी कानाशी धरून हलवल्यावर आतली खिट्टी (फळीला अडवून ठेवणारी छोटी सुटी कांडी) वाजत नाही, तेव्हा अडचण फळीची नसून आतल्या कुलुपाची असते. ही दोन प्रकरणे वेगळी ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण कुलूप अडकलेले असताना फळीवर जोर लावला तर खाचेची भिंत तुटते.

आधीची खेळी पूर्ण झाली आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही सर्वाधिक वगळली जाते. जपानमधील हाकोने भागात बनणाऱ्या गुप्त पेट्यांच्या धर्तीवर केलेल्या पेटीत प्रत्येक फळी अगदी थोडी सरकते, आणि तिच्या सरकण्याने पुढच्या फळीची वाट मोकळी होते. आधीची फळी शेवटपर्यंत पोहोचण्यास अर्धा मिलिमीटर जरी कमी पडली, तरी पुढची फळी पूर्ण बंद राहते. सर्व खेळ्या उलट क्रमाने परत घ्याव्यात, पेटी मूळ स्थितीत आणावी आणि प्रत्येक फळी टोकाला टेकल्याचे बोटाला जाणवेपर्यंत सरकवत पुन्हा सुरुवात करावी. एखादी फळी टोकाला टेकताना लुसलुशीत वाटली, खणकन टेकली नाही, तर खाचेच्या टोकाशी लाकडाचा भुसा किंवा कापडाचे धागे साचलेले असतात. कोरड्या रंगाच्या ब्रशने ते बाहेर काढावेत. तोंडाने फुंकू नये. ओलसर हवा आत जाते आणि भुसा आणखी खोल दाबला जातो.

पेटीचे वजन करा

आर्द्रतेचा संशय असेल तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हे या कामातले सर्वात उपयोगी साधन ठरते. लाकूड भोवतालच्या हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातील ओलावा (पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत) साधारण ६ टक्क्यांवर स्थिरावतो, ५० टक्के असताना ९ वर, ६५ टक्के असताना १२ वर आणि ८० टक्के असताना १६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारशे ग्रॅमची ओली पेटी ८० टक्क्यांच्या हवेतून ५० टक्क्यांच्या हवेत आली की कालांतराने तिचे वजन सुमारे २४ ग्रॅमने घटते. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. वजन घटत असेल तोवर पेटी अजून वाळत आहे, आणि त्या काळात घेतलेले कोणतेही माप दुसऱ्या दिवशी खोटे ठरेल.

हा ओलावा फळीच्या मापावर किती परिणाम करतो हे एकदा आकड्यांत पाहिले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, आणि ओंडक्याच्या वलयांना समांतर असलेल्या दिशेने ते केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट फुगते. वर दिलेल्याच बदलात, म्हणजे ओलावा ९ वरून १६ टक्क्यांवर गेला असता, साध्या चिरणीची, म्हणजे जिची रुंदी वलयांना समांतर आहे अशी, १०० मिलिमीटर रुंद सागवानी फळी सुमारे सव्वा मिलिमीटर रुंदावते आणि तेवढीच बीच या लाकडाची फळी सुमारे ३ मिलिमीटर. जाडीतही हाच हिशेब लागू होतो : सहा मिलिमीटर जाडीची बीचची फळी वलयांच्या दिशेनुसार जवळजवळ एक ते दोन दशांश मिलिमीटरपर्यंत जाड होऊ शकते. खाचेत एक दशांश मिलिमीटरची मोकळीक ठेवली असेल तर ती केव्हाच संपलेली असते. सागवान पेट्यांसाठी का आवडते याचे उत्तर याच आकड्यांत आहे, त्याच्या रंगात नाही.

पेटी वाळवायची असेल तर ती शक्य तितकी उघडून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसह) ठेवावी. चारशे ग्रॅमच्या पेटीला दीडशे ग्रॅम जेल पुरते. आत छोटे आर्द्रतामापक ठेवून आकडा ५० टक्क्यांच्या आसपास आला की जेल कमी करावे, कारण जेल तिथे थांबत नाही आणि फार कोरड्या हवेत सांधे उकलतात. ऊन, ओव्हन, केस वाळवण्याचे यंत्र यांपैकी काहीही वापरू नये. एक बाजू दुसरीच्या आधी वाळली की फळी पन्हळीसारखी वाकते, आणि तो वाक बहुधा कायमचा राहतो. याच टप्प्यावर फळ्या मोकळ्या झाल्या, तर दुरुस्ती संपली. पेटी ज्या वजनाला छान चालते ते वजन तिच्या तळाला पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी अडकली की आधी तो आकडा पाहायचा.

कागदाची पट्टी

छपाईच्या नेहमीच्या ८० ग्रॅमच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, त्यामुळे एक सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी हे फटी मोजण्याचे चांगले आणि निरुपद्रवी साधन आहे. फळी आणि चौकट यांच्या फटीत ती पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून पाहावी. ती सगळीकडे सहज जात असेल तर फळी रुंदीला घट्ट नाही, म्हणजे रुंदी कमी करण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा. एका ठिकाणी अडत असेल तर तिथे पेन्सिलीची बारीक खूण करावी. कुठेच जात नसेल तर आर्द्रतेच्या तपासणीकडे परत जावे. पट्टीच्या जागी धातूची पट्टी किंवा सुरीचे पाते घालू नये. लाकडाच्या कडेवर पडलेला ओरखडा पुढे फळीला रोज अडवतो.

खिट्टी आणि चुंबक

पेटीत गुरुत्वाने पडणारी खिट्टी असेल तर फळी आधी किंचित उलट दिशेने दाबावी. फळीचा दाब खिट्टीवर असताना ती पडूच शकत नाही, आणि पेटी कितीही उलटीपालटी केली तरी उपयोग होत नाही. दाब काढून, पेटी उलटी करून, हत्याराच्या लाकडी मुठीने किंवा बोटाच्या पेराने खिट्टीच्या जागेवर हलके टिचकावे. खिट्टी वाजली की काम झाले.

ती वाजलीच नाही तर हवामान पाहावे, आणि इथे गोष्ट उलटी होते. कोरड्या हवेत लाकूड तंतूंच्या आडवे आकसते तसे त्यातले भोकही त्या दिशेने आकसते व लंबगोल होते. म्हणून फळ्या दमट हवेत अडकतात, तर धातूची खिट्टी बहुधा कोरड्या हवेत अडकते. सहा मिलिमीटरच्या भोकात हा फरक एका दशांश मिलिमीटरच्या जवळपास जातो. खिट्टी नेमकी सहा मिलिमीटरची आणि भोकही तेवढेच, असे ज्यांनी केले त्यांना याचा त्रास ठरलेलाच आहे. दुसरे कारण हवेचे : भोक आरपार नसेल आणि खिट्टी त्यात नेमकी बसत असेल, तर तिच्या मागची हवा तिला धरून ठेवते. खिट्टीच्या अंगावर कानशीने एक उभी बारीक चीर पाडली की हवेला वाट मिळते. तिसरे कारण गंजाचे आहे. सागवान आणि विशेषतः ओक यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य दमट हवेत लोखंडाशी मिळून काळे डाग पाडते आणि खिट्टी खरखरीत होते. जिथे चुंबकाची गरज नाही तिथे पितळेची खिट्टी घालावी.

चुंबकाने खिट्टी उचलणाऱ्या पेटीत चुंबक उलटा चिकटवला गेला आहे का, हे बाहेरून दुसरा चुंबक फिरवून कळते. नेहमीच्या प्रतीचे निओडिमियम चुंबक साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर आपली शक्ती कायमची गमावू लागतात. तेव्हा गोंद सैल करण्यासाठी गरम हवा वापरली असेल तर चुंबक दुबळा होण्याचे कारण तेच असू शकते.

मेण, आणि ज्या गोष्टी लावू नयेत

साध्या पांढऱ्या मेणबत्तीचे मेण फळीच्या जिभेवर (खाचेत बसणाऱ्या पातळ कडेवर) आणि खाचेच्या तोंडाशी घासावे, फळी चारसहा वेळा मागेपुढे करावी आणि जादाचे मेण कोरड्या कापडाने पुसून टाकावे. ही तपासणीही आहे आणि उपचारही : मेणाने फळी सुटली तर दोष घर्षणाचा होता, मेण लावूनही ती तसूभर हलली नाही तर दोष मापाचा आहे. मधमाश्यांचे नुसते मेण उकाड्यात चिकट होते म्हणून मी ते खाचेत वापरत नाही. खाद्यतेल, मशीनचे तेल आणि सिलिकॉनचा फवारा यांपैकी काहीही लाकडाला लावू नये. तेल भुशाशी मिळून खळ बनते. सिलिकॉन लाकडात मुरला की त्यावर पुढे ना पॉलिश नीट बसते ना गोंद.

फळी ‘कट्’ करून सुटत असेल तर खाचेत वॉर्निश किंवा जवसाचे तेल गेलेले असते. लाखेचे पॉलिश असेल तर ते स्पिरिटने मऊ होते, तेल असेल तर टर्पेंटाइन लावलेल्या कापडाने पुसून निघते. दोन्ही बाबतीत कापड नुसते ओलसर हवे, निथळणारे नको. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. पुढची पेटी बनवताना खाच आणि जीभ यांना पॉलिश करूच नये, बाहेरचा भाग पॉलिश करताना त्यांवर चिकटपट्टी लावावी.

पेन्सिलीने घट्ट जागा शोधणे

फळी बाहेर निघत असेल तर इथून खरी दुरुस्ती सुरू होते. तिची जीभ आणि दोन्ही कडा मऊ, ६बी (6B) सारख्या पेन्सिलीने पूर्ण काळ्या कराव्यात, फळी खाचेत घालून दोनदा सरकवावी आणि बाहेर काढून उजेडात तिरपी धरावी. जिथे घासते तिथे काळेपणा चकाकतो किंवा निघून गेलेला असतो, जिथे घासत नाही तिथे तो मखमली राहतो. कित्येकदा संपूर्ण फळी घट्ट आहे असे वाटत असताना चकाकी जिभेच्या एका कोपऱ्यावर फक्त नखाएवढी दिसते. तेवढीच जागा दोषी असते. फळी पूर्ण घासणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

चकाकी जिभेच्या टोकावर सलग दिसली तर जीभ खाचेच्या तळाला टेकत आहे. ती खाचेच्या खोलीपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आखूड हवी. फळीच्या मधोमध दिसली तर फळी वाकलेली आहे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दिसली तर ती पिळली गेली आहे किंवा पेटीच काटकोनात नाही. फळीवर एकच ठिपका आणि खाचेत त्याच्या समोर टणक, किंचित पारदर्शक कण सापडला तर तो गोंदाचा थेंब आहे. वाळलेला पांढरा गोंद कोमट व्हिनेगरने मऊ होतो. कापसाच्या काडीने तो थेंबावरच लावावा, थोडा वेळ थांबावे आणि धारदार अरुंद पटाशीने खरवडून काढावा. मग खाच पूर्ण वाळेपर्यंत फळी घालू नये.

गुण्या आणि कर्ण

चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. शंभर मिलिमीटरच्या पेटीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा फळीला एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल करतो. गोंद वाळताना शिकंजा तिरका बसला की हे घडते, आणि वाळल्यावर ते सरळ करता येत नाही. फळीच त्या तिरकेपणाला जुळवून घ्यावी लागते.

तिरकी होऊन रुतणाऱ्या फळीचे कारण वेगळे असते. खाचेत धरलेली तिची लांबी तिच्या रुंदीपेक्षा कमी असेल तर कोपऱ्याजवळ लोटल्यावर ती फिरून दोन्ही खाचांत पाचर मारल्यासारखी बसते. अशी फळी मधोमध, किंवा दोन्ही अंगठे दोन कडांना ठेवून लोटावी. कोडे सोडवणाऱ्याला हे सांगण्याची सोय नसते, म्हणून मेण लावावे आणि जिभेचे चारही कोपरे किंचित गोल करावेत. त्याने बरेचसे भागते.

लाकूड काढायचेच असेल तर

पेटीचे वजन स्थिर आहे, कागदाची पट्टी अडते, मेण लावून झाले आहे आणि पेन्सिलीने जागा दाखवली आहे : एवढे सगळे झाल्यावरच काचकागद हातात घ्यावा. लाकूड नेहमी फळीचे काढावे, खाचेचे नाही. फळी नवी करता येते, खाच म्हणजे पेटीच असते. ३२० क्रमांकाचा काचकागद जाड काचेवर चिकटवावा, फळी त्यावर सपाट धरून तंतूंच्या दिशेने काही फटकारे द्यावेत आणि व्हर्निअर कॅलिपरने मोजून लगेच खाचेत घालून पाहावे. बोटात धरलेल्या कागदाने कड गोल होते. मग फळी घट्टही राहते आणि डगडगतेही. यंत्राने घासताना नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, लाकडाचा बारीक भुसा दीर्घकाळ श्वासात जाणे कर्करोगकारक मानले जाते.

किती काढायचे हे ऋतूवर ठरते. वर्षातल्या सर्वात दमट दिवसांत फळी जेमतेम सरकेल एवढीच मोकळीक द्यावी, ती पुढे वाढतच जाणार आहे. कोरड्या दिवसांत काम करत असाल तर वर दिलेल्या हिशेबाने फुगण्याला जागा सोडावी. दोन्ही बाजूंना लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिल्याने ओलावा आत जाण्याचा वेग कमी होतो, ओलावा थांबत नाही. जिभेला मात्र हा हात लावू नये. पॉलिश एकाच बाजूला दिले तर फळी वाकते.

प्रत्येक वर्षी तीच फळी अडकत असेल तर ती घासत राहण्यापेक्षा नवी करावी, आणि तिचे तंतू खाचांना समांतर आहेत की आडवे हे आधी पाहावे. तंतू खाचांच्या आडवे, म्हणजे एका खाचेकडून दुसरीकडे जाणारे ठेवले तर रुंदीचे फुगणे जवळजवळ संपते. मात्र फुगणे मग सरकण्याच्या दिशेने होते आणि फळीच्या टोकाशी तेवढी जागा ठेवावी लागते. प्लायवूडची फळी दोन्ही दिशांनी फारच थोडी हलते. ज्यांना अस्सल लाकडाचा आग्रह आहे त्यांनी निदान पेटीच्या आतल्या, न दिसणाऱ्या फळ्या प्लायवूडच्या कराव्यात. मी तरी तसेच करतो.

इथे थांबा

पेटी जुनी असेल, तिच्यावर लाकडी नक्षीचा पातळ थर चिकटवलेला असेल, तर तिला काचकागद लावू नये. तसा थर कित्येकदा कागदाइतकाच जाड असतो आणि एका फटकाऱ्यात आरपार जातो. अशी पेटी जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावी. जुना रंग शिशाचा असण्याची शक्यता असेल तरीही घासू नये. पेटीखाली पिठासारखा भुसा रोज नव्याने पडत असेल तर ती वाळवी किंवा लाकूड पोखरणारे भुंगेरे असू शकतात. ती पेटी इतर लाकडांपासून दूर ठेवावी आणि कीडनियंत्रण करणाऱ्याला दाखवावी. आतले कुलूप कसे चालते हे माहीत नसताना फटीत पेचकस घालून उचकटू नये. हाताच्या बोटांपेक्षा लहान तुकडे वर्तुळाकार करवतीवर किंवा रंध्याच्या यंत्रावर घरी चालवू नयेत. ते काम चांगल्या सुताराला सांगावे, त्याच्याकडे असे तुकडे धरण्याचे साचे असतात.

पेटीतून सुटलेला चुंबक सापडत नसेल आणि घरात लहान मूल असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवावी. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच रुग्णालयात जावे, कारण दोन चुंबक आतड्यांच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पाडतात.

कारागिराकडे पेटी देताना खेळ्यांचा क्रम, चांगली चालत असतानाचे वजन, आजचे वजन, आणि काय काय लावून पाहिले आहे हे कागदावर लिहून द्यावे. सिलिकॉन लावला असेल तर तोही लिहावा. त्याने विचारेपर्यंत तो खाचेत गोंद भरून बसलेला असतो.